शिंगरू खाते, पण अंगी लागत नाही: हिवाळ्यातील नेहमीच्या तक्रारीचे समस्या निवारण

लक्षणे

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेले, किंवा घरच्याच घोडीपासून पावसाळ्याअखेर दूध तोडलेले सात-आठ महिन्यांचे शिंगरू माघ उजाडेपर्यंत उतरू लागते, ही तक्रार दर वर्षी माझ्याकडे येते आणि तिची लक्षणे बहुतेक वेळा सारखीच असतात. कणा आणि पुठ्ठ्याची हाडे वर येतात, मान बारीक दिसते, पोट मात्र दोन्ही बाजूंनी सुटलेले असते. केस लांब, राठ आणि निस्तेज होतात. चंदीचा, म्हणजे दाण्याच्या खुराकाचा, तोबरा शिंगरू चाटूनपुसून रिकामा करते, तरी लिदीत ज्वारीचे अख्खे दाणे सापडतात. लिदीच्या गोळ्या लहान आणि कोरड्या पडतात, कधी त्यांवर चिकट पापुद्रा दिसतो. शिंगरू गव्हाणीचे लाकूड कुरतडते आणि भिंतीची माती चाटते.

लक्षणांचा दुसरा संच याच्या नेमका उलट दिसतो आणि म्हणून तो उशिरा लक्षात येतो. शिंगरू गुबगुबीत असते, मालक समाधानी असतो, पण पुढच्या गुडघ्याच्या लगेच वर, किंवा नळीचे हाड खाली जिथे संपते त्या सांध्याच्या वर, आतल्या बाजूला टणक फुगवटा येतो आणि पाय समोरून डमरूसारखा दिसू लागतो. सकाळी ते आखडून चालते. काहींचे पुढचे खूर हळूहळू उभे होतात आणि टाच जमिनीवर नीट टेकत नाही.

हे दोन्ही संच मी एकत्र मांडतो, कारण पहिल्यावर जो उपाय सर्रास केला जातो त्यातूनच दुसरा उभा राहतो. शिंगरू वाळले की चंदी वाढवली जाते, कोंड्याचे माप दुप्पट होते, वर गूळ आणि तूप येते. ज्या शिंगराची वाढ महिना-दीड महिना खुंटलेली आहे त्याला अचानक भरपूर दाणा मिळाला की ते झपाट्याने वाढते, आणि हाडांच्या टोकांशी असलेल्या कोवळ्या वाढीच्या पट्ट्यांना तो वेग पेलत नाही. म्हणून माझी पहिली विनंती हीच असते की, कारण सापडेपर्यंत चंदी एक मूठभरही वाढवू नये.

शिंगरू लोळत असेल, वारंवार बरगडीकडे वळून पाहत असेल, लीद बंद झाली असेल, ताप असेल किंवा नाकातून पू येत असेल, तर पुढील तपासण्या बाजूला ठेवून आधी पशुवैद्यकांना बोलवावे.

हात आणि मोजपट्टी

सर्वांत स्वस्त तपासणी हाताने होते. हिवाळ्यातले केस दोन-तीन सेंटिमीटर उभे राहतात आणि खालची हाडे झाकतात, तर सुटलेले पोट भरलेपणाचा भास निर्माण करते. त्यामुळे रोज पाहणाऱ्या माणसाचा डोळा हमखास फसतो. तळहात बरगड्यांवरून सपाट फिरवावा. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत पण हाताला सहज लागाव्यात, ही योग्य स्थिती होय. बोटे खाचांत उतरत असतील तर शिंगरू हाडावर आले आहे, आणि दाबूनही बरगडी लागत नसेल तर ते गरजेपेक्षा जड झाले आहे. वाढत्या पायांसाठी ही दुसरी अवस्थाही तितकीच वाईट आहे.

त्यानंतर शिंप्याची मोजपट्टी घ्यावी. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेराला घेराने आणि मग लांबीने गुणावे. वर्षाच्या आतील शिंगरासाठी त्या गुणाकाराला १०,१०० ने, वर्ष पूर्ण झालेल्यासाठी १०,९०० ने भागले की किलोमध्ये अंदाजे वजन मिळते. घेर १२० आणि लांबी ११२ असेल तर उत्तर १६० किलोच्या आसपास येते. मोठ्या घोड्यासाठी भाजक ११,९०० असतो, आणि तोच शिंगराला लावला तर वजन बरेच कमी येते. हा आकडा दहा-पंधरा किलोंनी चुकू शकतो, परंतु त्याच माणसाने, त्याच वेळी, दर पंधरा दिवसांनी मोजले तर चढउतार निश्चित कळतो. पूर्ण वाढ झाल्यावर ३५० ते ४०० किलो भरणाऱ्या मारवाडी किंवा काठियावाडी घोड्याचे आठ महिन्यांचे शिंगरू पंधरवड्याला साधारण पाच ते सात किलो वाढायला हवे. वाढ सुरू असेल आणि बरगड्या हाताला बरोबर लागत असतील, तर केस राठ असले तरी घाबरण्याचे कारण नाही.

मोजमापे वहीत तारखेसह लिहून ठेवावीत. पुढच्या सर्व तपासण्यांचा अर्थ या आकड्यांवरूनच लागतो.

तोंड उघडून वय पाहावे

बाजारात आठ महिन्यांचे म्हणून विकलेले शिंगरू पुष्कळदा साडेचार-पाच महिन्यांचेच असते. पुढच्या दुधाच्या दातांपैकी मधली जोडी जन्मानंतर आठवड्याभरात येते, तिच्या शेजारची सुमारे सहा आठवड्यांनी, आणि कोपऱ्यातली सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान. कोपऱ्यातले दात हिरडीतून बाहेरच आले नसतील तर सांगितलेल्या वयावर विश्वास ठेवू नये.

वयाला एवढे महत्त्व देण्याचे कारण असे की घोडा गाईसारखा रवंथ करत नाही. चाऱ्यातील तंतू त्याच्या मोठ्या आतड्यात आणि त्याच्या सुरुवातीच्या पिशवीसारख्या भागात जिवाणूंच्या साहाय्याने कुजून पचतात, आणि लहान शिंगरात ही व्यवस्था अजून पुरती तयार झालेली नसते. अशा शिंगरासमोर नुसता जाड कडबा टाकला की तो आतड्यात साचून राहतो, पोट फुगते आणि अंगाला फारसे काही मिळत नाही. वर वर्णन केलेले सुटलेले पोट पुष्कळदा यातूनच येते, आणि जंतांचे औषध कितीही पाजले तरी ते उतरत नाही. अशा शिंगराला कोवळा, पानाचा चारा हवा. कडबा तोंडाला चाळा म्हणून असला तर असावा.

पाणी

आतापर्यंत जितकी शिंगरे पाहिली त्यांतील निदान एक-तृतीयांश ठिकाणी तक्रारीचे मूळ मला हौदातच सापडले. हिवाळ्यात शिंगरू थंडगार पाणी कमी पिते आणि याच दिवसांत त्याच्यापुढे कोरडा चारा जास्त असतो. पाणी कमी पडले की चारा आतड्यात सुकतो, भूक मंदावते आणि लीद घट्ट होते. याच्या पुढची पायरी पोटशूळाची असते.

तपासणी अगदी सोपी आहे. एक दिवस हौद बंद ठेवून मापाच्या बादलीने पाणी द्यावे आणि किती प्याले ते लिहावे. १६० किलोच्या, मुख्यतः कोरड्या चाऱ्यावर असलेल्या शिंगराने दिवसाला दहा लिटरच्या आसपास तरी पाणी प्यावे. हिरवा चारा भरपूर असेल तर काही लिटर कमी चालते. निफाडसारख्या पट्ट्यात काही रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, आणि रात्री थ्री फेज वीज असताना भरून ठेवलेला हौद पहाटे बर्फासारखा असतो. त्याउलट विहिरीतून किंवा बोअरमधून ताजे काढलेले पाणी हिवाळ्याच्या सकाळी हाताला कोमट लागते. सकाळी आणि संध्याकाळी असे ताजे पाणी पाजावे. ते शक्य नसेल तर बादलीत थोडे गरम पाणी मिसळावे. चंदीत रोज दहा ते पंधरा ग्रॅम साधे मीठ घातले की तहान वाढते. पाणी सुधारल्यावर चार-पाच दिवसांत लिदीचा पोत बदलतो, आणि तो बदलला तर निम्मे काम तेथेच झाले असे समजावे.

लीद पाण्यात टाकून पाहणे

ताज्या लिदीचे चार-पाच गोळे, जमिनीला लागलेला भाग वगळून, बादलीभर पाण्यात कुस्करावेत आणि दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवावेत. मग पाणी हळूच ओतून तळ बोटांनी चाचपावा. तळाशी वाळूचा थर लागला तर शिंगरू जमिनीवरून चारा उचलताना वाळू गिळत आहे. तापीकाठच्या बाजारात काही दिवस बांधलेल्या, आणि घरी आल्यावरही उघड्या अंगणात चारा टाकल्या जाणाऱ्या शिंगरांत हे मी अनेकदा पाहिले आहे. वाळू आतड्याचे अस्तर खरवडते आणि साचली तर मार्ग अडवते. चारा गव्हाणीत किंवा रबरी पाटीत द्यावा. तळाशी मूठभर वाळू साचत असेल तर घरगुती उपाय न करता पशुवैद्यकांना दाखवावे.

याच बादलीत अख्खे दाणे तरंगताना किंवा बुडालेले दिसले तर ज्वारी, मका भरडून द्यावा, पीठ करू नये, आणि हरभरा रात्रभर भिजवून द्यावा.

रात्रीची वैरण आणि तबेल्याची हवा

तंतू कुजताना आतड्यात उष्णता निर्माण होते. घोड्याची थंडीतली शेगडी ती हीच. म्हणून ज्या रात्री गारठा वाढतो त्या रात्री दाणा वाढवून उपयोग होत नाही, चांगली वैरण वाढवावी लागते. बहुतेक तबेल्यांत संध्याकाळी सहाला शेवटची वैरण पडते, नऊपर्यंत संपते आणि पहाटे सहापर्यंत गव्हाण रिकामी राहते. जठरात आम्ल सतत पाझरत असते, त्यामुळे इतके तास रिकामे राहणे शिंगराच्या जठराला घातक ठरते, आणि लाकूड कुरतडण्याची सवयही यातूनच लागते. एकदा रात्री दहा वाजता उठून गव्हाण पाहावी. ती रिकामी असेल तर त्या वेळी आणखी एक पेंढी टाकण्याची व्यवस्था करावी. शिंगरू मोठ्या घोड्यांसोबत एकाच गव्हाणीवर असेल तर चंदी खाताना कोण कोणाला हुसकावते तेही उभे राहून पाहावे. दांडगा घोडा शेजारी असताना शिंगराच्या वाट्याला मालक समजतो त्याच्या निम्मेही येत नाही.

थंडी लागू नये म्हणून तबेला पोत्यांनी बंद करून आत शेकोटी पेटवण्याची पद्धत मला मान्य नाही. मुताचा उग्र वास आणि धूर कोवळ्या फुप्फुसांना थंडीपेक्षा जास्त इजा करतात. वाऱ्याची एक बाजू अडवावी, वर मोकळे ठेवावे आणि खाली कोरडा भुस्सा अंथरावा. आपल्याकडची कोरडी थंडी निरोगी शिंगराला उघड्या केसांवर सोसते. अवकाळी पावसात भिजलेले शिंगरू मात्र ताबडतोब पुसून कोरडे करावे, कारण ओले केस अंगाला चिकटले की ऊब धरत नाहीत.

पोत्यावरची चिठ्ठी आणि बुरशीचा वास

या तपासणीला पाच मिनिटे लागतात आणि ती चुकली तर शिंगराचा जीव जातो. दुभत्या जनावरांच्या किंवा कोंबड्यांच्या तयार खाद्यात मोनेन्सिनसारखी औषधे मिसळलेली असू शकतात. गाईला आणि कोंबडीला ती चालतात, परंतु घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्यांनी अगदी थोड्या मात्रेतही निकामी होतात. पशुखाद्यात युरियाही असू शकतो, ज्याचा घोड्याला उपयोग नाही. गोठा आणि तबेला एकाच छपराखाली असेल तर घमेली आणि मापेही वेगळी ठेवावीत. सरकी पेंड शिंगराला देऊ नये, कारण तिच्यातील गॉसिपॉल हे द्रव्य कोवळ्या जनावरांना बाधते.

मक्याच्या कणसाला किंवा दाण्याला बुरशी दिसली, शेंगदाणा पेंडीला कुबट वास आला, तर ते पोते तबेल्याबाहेर काढावे. बुरशी लागलेल्या मक्यातील विष घोड्याच्या मेंदूवर परिणाम करते आणि त्यावर उपचार नाही. परतीच्या पावसात भिजून काळा पडलेला कडबाही याच कारणाने टाळावा. ज्वारीचे हिरवे फुटवे किंवा पाण्याअभावी खुरटलेली हिरवी ज्वारी कधीही टाकू नये. किरळ लागण्याचा, म्हणजे कोवळ्या ज्वारीतल्या विषाची बाधा होण्याचा, धोका तर असतोच, शिवाय घोड्यात हिरव्या ज्वारीने मूत्राशयाचा आणि मागच्या पायांच्या लटपटीचा विकार होतो.

कॅल्शियमचा हिशेब

येथपर्यंत सर्व ठीक असेल तर कागद-पेन्सिल घेऊन बसावे. दुसऱ्या संचाची लक्षणे असतील तर सुरुवात येथूनच केली तरी चालेल.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्या स्वतःच्या एका मादी शिंगराला मी रोज दीड किलो गव्हाचा कोंडा, किलोभर भिजवलेला हरभरा, गूळ आणि मनसोक्त कडबा देत होतो. वडीलधाऱ्यांनी सांगितलेला खुराक तोच होता आणि शिंगरू चकचकीत दिसत होते. फेब्रुवारीत तिचे दोन्ही गुडघे सुजले. दुकानदाराने सांगितले म्हणून कॅल्शियम समजून मी डीसीपीची (डायकॅल्शियम फॉस्फेटची) पावडर सुरू केली आणि दोन महिन्यांत काहीही फरक पडला नाही. नंतर एका पशुवैद्यकांनी माझ्यासमोर बसून जी बेरीज केली, तीच मी तेव्हापासून प्रत्येकाला करून दाखवतो.

वाढत्या शिंगराच्या एकूण खाण्यात फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट कॅल्शियम असावे लागते. फॉस्फरस वरचढ झाला की रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढू लागते. हाडे पोकळ होतात, सांधे दुखतात, आणि खूप काळ असे चालले तर चेहऱ्याची हाडे दोन्ही बाजूंनी फुगतात. एक किलो गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस सुमारे १० ते ११ ग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम सव्वा ग्रॅम असते. हरभऱ्यात आणि ज्वारीतही फॉस्फरसच जास्त. आता नेहमीचा खुराक मांडून पाहावा: तीन किलो कडबा, एक किलो कोंडा, एक किलो हरभरा. बेरीज येते कॅल्शियम अंदाजे १३ ग्रॅम, फॉस्फरस १७ ग्रॅम. १६० किलोच्या शिंगराची कॅल्शियमची गरज ३० ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे पोट भरलेले असूनही निम्म्याहून अधिक कॅल्शियम कमी पडते आणि प्रमाणही उलटे असते. डीसीपीने हे सुटत नाही, कारण त्यात कॅल्शियमबरोबर भरपूर फॉस्फरसही असतो. कोंडा तातडीने कमी करता येत नसेल, तर प्रत्येक किलो कोंड्यामागे ४० ग्रॅम खाद्यदर्जाची चुनखडी पावडर मिसळावी. पानाला लावायचा किंवा भिंतीला देण्याचा चुना म्हणजे ही पावडर नव्हे. तो तोंड आणि अन्ननलिका भाजतो.

खरा उपाय घास हा आहे. लसूणघासाच्या एक किलो कोरड्या भागात कॅल्शियम १२ ते १४ ग्रॅम आणि फॉस्फरस दोन-अडीच ग्रॅम असतो, प्रथिने १८ टक्क्यांच्या घरात असतात, आणि कडब्यात नसलेले अ जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्यही त्यात असते. हिवाळ्यात गव्हाणीत पडणारा रब्बीचा कडबा हा मागच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेला असतो. दहा महिन्यांत त्यातले हिरवेपण उडून गेलेले असते. ताजा घास चार ते पाच किलो असला तर त्याचा कोरडा भाग एक किलो होतो. दहिवर असलेला घास सकाळी लगेच टाकू नये. कापून काही तास सुकू द्यावा, नाहीतर पोटात वायू धरतो. संकरित नेपियर मात्र घासाची जागा घेऊ शकत नाही. त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे नेपियरवर वाढवलेल्या शिंगराला कागदावर पुरेसे दिसणारे कॅल्शियम प्रत्यक्षात मिळत नाही.

१६० किलोच्या शिंगरासाठी मी पुढीलप्रमाणे खुराक बसवतो. सुकवलेला घास ताज्या वजनाने साडेसहा-सात किलो, दिवसभरात विभागून. पानाचा, स्वच्छ कडबा कुट्टी करून पावणेदोन किलो, त्यातला मोठा भाग रात्रीसाठी. चंदीत भरडलेले ओट किंवा ज्वारी ७०० ग्रॅम, भिजवलेला हरभरा कोरड्या वजनाने ३५० ग्रॅम, सोयापेंड २०० ग्रॅम, गव्हाचा कोंडा ३०० ग्रॅम, खनिज मिश्रण ३० ग्रॅम आणि मीठ. कोंडा येथे मुद्दाम ठेवला आहे, कारण घासामुळे कॅल्शियम भरपूर झाल्यावर फॉस्फरसही थोडा लागतोच. सोयापेंड हवी ती लायसिनसाठी. स्नायू बांधताना हा प्रथिनघटक सर्वांत आधी कमी पडतो आणि ज्वारी-मक्यात तो फारसा नसतो. कच्चे सोयाबीन मात्र देऊ नये, ते पचनात अडथळा आणते. हे सर्व तीन वेळांत वाटावे. एका वेळी शंभर किलो वजनामागे अर्धा किलोपेक्षा जास्त चंदी गेली, तर न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात उतरून आंबतो आणि पोटशूळ किंवा खुरांची आग उद्भवते. गूळ औषध लपवण्यापुरता असावा, आणि तुपावर खर्च करण्याऐवजी घासाचा एक वाफा लावावा.

जुन्या खुराकावरून नव्यावर यायला आठ-दहा दिवस घ्यावेत. आतड्यातील जिवाणूंची वस्ती बदलायला तेवढा वेळ लागतो. अगदी हाडावर आलेल्या शिंगराला पहिला आठवडा फक्त घास आणि मऊ चारा द्यावा आणि चंदी नंतर मूठमूठ वाढवावी.

सांधे सुजलेल्या शिंगराची चंदी निम्मी करावी, घास आणि खनिजे चालू ठेवावीत, त्याला मोकळ्या मऊ जमिनीवर सोडावे, आणि रिंगणात फिरवणे किंवा नाचाची तालीम पूर्ण थांबवावी. दीड-दोन वर्षांच्या आत नाचवायला घेतलेली शिंगरे पाहिली की मला अतिशय वाईट वाटते. त्या पायांना अजून स्वतःचे वजन तोलायचे असते.

जंत: येथून पुढे एकट्याने जाऊ नये

जंतांचे औषध ही बहुतेकांची पहिली पायरी असते आणि मी ती मुद्दाम येथे आणली आहे. वर्षाच्या आतील शिंगरात मोठे गोल जंत प्रमुख असतात. ते वीतभराहून लांब असतात, लहान आतड्यात राहतात, आणि जगभरात अनेक ठिकाणी त्यांच्यावर आयव्हरमेक्टिनचा परिणाम कमी झालेला आहे. जंतांचा भार मोठा असताना त्यांना एकदम मारणारे औषध दिले, तर मेलेल्या जंतांचा गुंता आतड्यात अडकून जीवघेणा पोटशूळ होऊ शकतो. म्हणून आधी ताज्या लिदीची अंडी-तपासणी करावी आणि औषध, मात्रा व क्रम पशुवैद्यकांनी ठरवावा. मोजपट्टीने काढलेले वजन त्यांना सांगावे. अंदाजाने कमी मात्रा दिली की जंत मरत नाहीत, ते औषधाला सरावतात. गाईगुरांसाठीचे औषध स्वतःच्या मनाने पाजू नये.

पशुवैद्यकांना कधी बोलवावे

खुराक, पाणी आणि वैरण सुधारून तीन आठवडे झाले, वहीतील वजन हलले नाही, तर घरच्या तपासण्या तेथेच संपल्या. दाढांची टोके गालाला टोचत आहेत का हे तोंड उघडे ठेवण्याच्या साधनाशिवाय पाहता येत नाही; आपला हात आत घालू नये. ताप येऊन-जाऊन राहत असेल, हिरड्या फिक्या असतील, पोटाखाली किंवा पायांवर पाणथळ सूज असेल, तर सर्रा किंवा रक्तातील अन्य परजीवींसाठी रक्त तपासावे लागते. टाच उचललेला खूर आणि पुढे वाकणारा सांधा यांवर पहिल्या काही आठवड्यांतच उपाय होतो, महिनाभर वाट पाहिली की संधी जाते. मागचे पाय लटपटणे, लघवी थेंबथेंब गळणे, चेहऱ्याची हाडे फुगणे ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी फोन करावा.

बाजारातून आणलेल्या शिंगराला तीन आठवडे वेगळे बांधावे. जबड्याखाली गाठ, ताप आणि नाकातून घट्ट पू ही स्ट्रँगल्सची लक्षणे आहेत आणि तो रोग साऱ्या तबेल्यात पसरतो. नाकातील स्रावाबरोबर अंगावर फुटणाऱ्या गाठी असतील तर ग्लँडर्सची शंका घ्यावी. हा रोग माणसालाही होतो, त्यामुळे उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि शिंगरू जागेवरून हलवू नये.

पोटशूळात बाटलीने तेल, सोडा किंवा काढा पाजणे सर्वथा टाळावे. घोड्याला उलटी होत नाही, आणि जबरदस्तीने पाजलेले द्रव फुप्फुसात गेले तर पोटशूळातून वाचलेले शिंगरू न्यूमोनियाने जाते. समोरचा चारा काढून घ्यावा, शिंगरू शांतपणे हातात धरून चालवावे आणि डॉक्टर येईपर्यंत दर पंधरा मिनिटांनी लीद झाली का ते पाहावे. जवळ कोणी नसेल तर १९६२ या शासकीय क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते.

डॉक्टर येण्यापूर्वी गुदद्वारात तापमापक धरून तापमान घ्यावे; ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस हे सर्वसाधारण मानावे. ते वेळेसह वहीत लिहावे, वजनाची पाने उघडून ठेवावीत, चालू पोत्यावरची चिठ्ठी आणि मूठभर चंदी बाजूला काढावी. त्याच सकाळची लीद घट्ट झाकणाच्या डब्यात भरून सावलीत गार जागी ठेवावी. ती बर्फात गोठवू नये, कारण गोठवल्याने अंड्यांची मोजणी बिघडते.